मचाणावरून बाण पाठीवरूनच का जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पश्चिम पेनसिल्वेनियात राहता, कंपाउंड धनुष्य (टोकांना चाकं असलेलं) हातात घेऊन दोन वर्षं झाली, आणि घरामागे ३० यार्डांवर सहाच्या सहा बाण बशीएवढ्या जागेत जातात. गेल्या सीझनला ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात १८ फुटांवर लावलेल्या ट्री स्टँडवरून, म्हणजे झाडाला बांधलेल्या मचाणावरून मात्र दोन हरणं चुकली. दोन्ही १५ यार्डांच्या आत होती आणि दोन्ही वेळा बाण पाठीवरून गेला. आता साइटला (धनुष्यावरच्या नेम धरायच्या चौकटीला) जवळच्या अंतराची वेगळी पिन, म्हणजे नेमाची खूण, लावावी का, बसून मारावं की उभं राहून, आणि स्टँड आणखी उंच न्यावा का, असं तुम्ही विचारताय.

पिन लावू नका. साइटला हातसुद्धा लावू नका. बाण वरून जातोय तो तुमच्या कंबरेमुळे.

इतक्या ठामपणे सांगतोय, कारण माझा पहिला सीझन असाच गेला. २० फुटांवर बसलो होतो आणि खाली आठ यार्डांवर एक मादी पांढऱ्या ओकचे एकॉर्न (खाली पडलेली बोंडं) टिपत उभी होती. तिच्या नाकातून निघणारी वाफ दिसत होती इतकी जवळ. बाण सोडला तो तिच्या पाठीच्या वीतभर वरून जाऊन पिसांपर्यंत मातीत रुतला. तिने दोन उड्या मारल्या, थांबली, आणि वळून त्या बाणाकडेच बघत राहिली. घरी येऊन मी साइट सरकवली आणि पुढचे दोन आठवडे जमिनीवरूनही चुकत राहिलो.

आधी डोक्यातलं गणिताचं भूत उतरवू. स्टँड २० फुटांवर आणि हरीण बुंध्यापासून २० यार्डांवर, म्हणजे ६० फुटांवर. शाळेतला पायथागोरस लावला की तिरकी रेघ ६३ फूट येते, म्हणजे २१ यार्ड. गुरुत्वाकर्षणाला आडव्या अंतराशी मतलब, म्हणून पिन २० ची. समजा तुम्ही २१ ची धरलीत, तर सेकंदाला २७० फूट जाणारा बाण लागेल फार तर अर्धा इंच वर. हरीण १० यार्डांवर असेल तर तिरकं अंतर १२ यार्ड, तिथेही चूक फार तर इंचाच्या आसपास. पाठीवरून वीतभर बाण जायला एवढं कारण पुरत नाही. कोन धरून अंतर सांगणारा रेंजफाइंडर असेल तर उत्तमच. नसेल तर स्टँडवर बसल्या बसल्या आसपासच्या झाडांच्या खोडाचं अंतर स्वतःच्या डोळ्यांच्या पातळीवर मोजून ठेवा. ते आडवंच अंतर असतं. त्या झाडाच्या मुळाशी हरीण आलं की आकडा तयार.

आता कंबरेचं. माझे वडील गवंडी होते, म्हणून त्यांच्याच हत्याराचं नाव घेतो. सपाट जमिनीवर तुमचा पाठीचा कणा आणि दोन्ही हातांची रेघ गुण्यात असते, बरोबर काटकोनात. दोरी ताणली की ती नाकाच्या शेंड्याला लागते, रिलीजचा (दोरी सोडायच्या खटक्याचा) हात जबड्याखाली ठरलेल्या जागी बसतो आणि पीपच्या (दोरीत बसवलेल्या बारीक कड्याच्या) भोकात साइटचं गोल कडं मधोमध दिसतं. झाडावर असताना हरीण जवळजवळ पायाखाली येतं आणि माणूस घाईत कणा ताठ ठेवून फक्त धनुष्याचा हात खाली करतो. तिथे गुण्या मोडला. खांदा कानाकडे सरकतो, ताण थोडा कमी पडतो, दोरी नाकावरून सुटून गालावर येते आणि डोळा पीपमधून तिरका बघायला लागतो. यातलं काहीच जाणवत नाही, कारण पिन हरणावर दिसतच असते. मनाला वाटतं नेम बसला.

म्हणून क्रम असा ठेवा. समोर, आडवं ताणायचं. अँकर बसवायचा, म्हणजे हात जबड्याखालच्या ठरलेल्या जागी टेकवायचा. मग खुब्यातून वाकायचं. पाठ गोल करायची नाही, कुल्ले झाडाकडे ढकलायचे, छाती खाली येऊ द्यायची आणि हात खांद्यांशी जसे होते तसेच राहू द्यायचे. नाकाला दोरी लागतेय का? पीपचं भोक आणि साइटचं कडं एकात एक गोल दिसतंय का? दोन्हीचं उत्तर हो आलं तरच बोट हलवायचं. फार खडा कोन असेल तर पुढचा गुडघा किंचित मोडा, कंबर आपोआप वाकते.

वाचायला सोपं आहे. १८ फुटांवर, अडीच फूट रुंदीच्या जाळीवर उभं राहून, पुढे रिकाम्या हवेत छाती झुकवायची वेळ आली की शरीर नाही म्हणतं. हार्नेसकडे (झाडाला बांधून ठेवणाऱ्या अंगावरच्या पट्ट्यांकडे) लोक अपघाताचं सामान म्हणून बघतात. मी त्याला नेमाचं सामान समजतो. ज्याला पट्ट्यावर भरवसा नाही तो कंबरेतून वाकतच नाही. पट्टा झाडाला इतक्या उंचीवर बांधा की बसल्यावर त्यात ढिलाई उरणार नाही, आणि उभं राहून पुढे वाकलात की तो पाठीमागून हलकेच धरेल. लांब ठेवलात तर पडल्यावर झटका मोठा बसतो. आखूड ठेवलात तर वाकताच येत नाही. ही लांबी जमिनीपासून फूटभर उंचीवर ठरवा, कुणाला तरी शेजारी उभं करून. तिथेच हार्नेसमध्ये पूर्ण वजन टाकून लटकून बघा. पायांचे पट्टे मांड्यांत कसे रुततात ते कळेल आणि सोबत मिळणारा पाय टेकवायचा फासा खिशात का ठेवायचा तेही कळेल. लोंबकळत राहिल्यावर पायातलं रक्त अडतं आणि माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो.

या विषयात आणखी चारच वाक्यं, पण ती पाळाच. जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत लाइफलाइनला (झाडावरून खालपर्यंत सोडलेल्या सुरक्षेच्या दोराला) जोडलेलेच राहायचं. प्रुसिक गाठ (हाताने सरकते, वजन पडलं की आवळते ती) वर सरकवत चढायचं आणि खाली सरकवत उतरायचं. धनुष्य दोरीने वर ओढून घ्यायचं, ते हातात किंवा खांद्यावर घेऊन चढायचं नाही, आणि बाण सगळे भात्यात. स्टँडचे पट्टे दरवर्षी उतरवून बोटांनी चाचपायचे. मी एकदा ऑगस्टमध्ये चढण्याआधी पाहिलं तर खारीने एक पट्टा अर्ध्याहून जास्त कुरतडलेला होता, आणि तो खालून अगदी धडधाकट दिसत होता.

साइटला हात लावू नका म्हटलं, त्याला एक अपवाद आहे. मचाणावरून बाण वरखाली न जाता डावी-उजवीकडे जात असतील तर साइटचा तिसरा अक्ष तपासा. सपाट जमिनीवर साइटमधल्या लेव्हलचा बुडबुडा मध्यावर असतो आणि सगळं ठीक वाटतं, पण धनुष्य खाली कललं की साइट बाहेरच्या किंवा आतल्या बाजूला फिरलेली असल्याची चूक उघडी पडते. यालाही गवंड्याचंच हत्यार चालतं. डेकच्या कठड्यावरून ओळंबा सोडा, बाण न लावता वरून धनुष्याची दोरी ताणून तिरकं खाली बघा, साइटची उभी कड ओळंब्याच्या दोरीला लावा आणि बुडबुडा बघा. तो मधोमध राहिला तर साइट बरोबर आहे. बाण न लावता ताणत असाल तर रिलीजवर बोट ठेवायचं नाही. रिकामं सुटलेलं कंपाउंड धनुष्य मोडतं.

नेम कुठे धरायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत. पण सांगतोच. कागदावर आडव्या उभ्या हरणाचं चित्र असतं आणि पुढच्या पायामागे मधोमध ठिपका असतो. तो ठिपका जमिनीवरून मारणाऱ्यासाठी आहे. व्हाइटटेलची, म्हणजे इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची छाती साधारण फूटभर रुंद असते. २० फुटांवरून २० यार्डांवर मारलेला बाण त्या फूटभरात चार इंच खाली उतरतो. १० यार्डांवर तो आठ इंच उतरतो. म्हणून मी बाण शिरण्याची जागा बघतच नाही, पलीकडून निघण्याची बघतो. पलीकडच्या पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात बाण निघाला पाहिजे. ती जागा मनात धरून तिथून माझ्या डोळ्यापर्यंत मागे रेघ ओढायची. रेघ अलीकडच्या कातड्याला जिथे छेदते तिथे पिन. जवळ आलेल्या हरणात ही जागा चित्रातल्या ठिपक्यापेक्षा वर येते, पण कण्याच्या फार जवळ गेलात तर एकच फुप्फुस फुटतं. असं हरीण मैलभरही जातं. माझं एक गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुडघ्यांवर रांगत पानं उलटत होतो, सापडलं नाही. त्यानंतर स्टँडच्या बुंध्याजवळ, पाच यार्डांच्या आत आलेल्या हरणावर मी बाण सोडत नाही, ते पुढे जाण्याची वाट बघतो. समोरून तुमच्याकडे तोंड करून आलेलंही सोडून द्या. किंचित पलीकडे कललेलं, शेपटी तुमच्याकडे आणि डोकं लांब, असं हरीण सगळ्यात चांगलं.

त्यात ते दोरीच्या आवाजाने दबतं हा प्रकार वेगळाच. उडी मारण्याआधी हरीण पाय दुमडून खाली बसतं, आणि बाण पाठीवरून जातो. आवाज सेकंदाला ११०० फुटांच्या वर जातो, बाण २७०. २५ यार्डांवर आवाज पोहोचल्यावर बाण यायला अजून सेकंदाचा पाचवा भाग लागतो आणि बिथरलेल्या हरणाला तेवढा पुरतो. १५ यार्डांच्या आत हा धोका कमी, पण कान टवकारलेलं, मान ताठ केलेलं हरीण कुठेही दबतं. त्याच्यावर मारूच नये हे माझं मत. मारायचंच असेल तर पिन छातीच्या खालच्या काठाकडे. तोंडाने 'मॅऽ' करून चालतं हरीण थांबवणारे बरेच आहेत. मीही करतो, पण फक्त १५ यार्डांपलीकडे. जवळच्या हरणाला तो आवाज थेट झाडावरून ऐकू येतो आणि ते वर बघतं.

बसून की उभं? पाठ झाडाला लावून बसलात की समोर बाराचा काटा धरा. उजव्या हाताच्या माणसाला डावीकडच्या नऊपासून एकपर्यंत बसल्या जागी मारता येतं. दोन वाजता अंग पिळवटतं. तीनला उठल्याशिवाय जमत नाही. चार ते सहा म्हणजे उभं राहून, पाय फिरवून, झाडाकडे तोंड करून पट्ट्यावर रेलत खोडाच्या कडेने मारायचं. डावखुऱ्यांना हे सगळं उलट. बसून मारताना सीटच्या पुढच्या कडेवर या आणि गुडघे फाकवा. धनुष्याचं खालचं चाक मांडीला किंवा स्टँडच्या दांड्याला लागलं तर बाण कुठे जाईल याचा नेम नाही. बसून मारण्यात हालचाल कमी, उभं राहून मारण्यात आवाका मोठा. मी पहाटेचा पहिला तास आणि संध्याकाळचा शेवटचा तास उभाच असतो, मधल्या वेळात बसतो. पण हरीण आलंच आणि तुम्ही बसलेले असाल, ते तुमच्या नऊ ते एकमध्ये असेल, तर उठायचा मोह आवरा. बसूनच मारा.

दोरी ताणायची वेळ हे अर्धं काम आहे. त्याचं डोकं खोडाआड गेलं किंवा खाली एकॉर्नमध्ये गेलं की ताणायचं. आकाशाकडे धनुष्य उचलून, हिसका देऊन ताणणारे पुष्कळ दिसतात. नोव्हेंबरात पानं गळाल्यावर ती हालचाल ५० यार्डांवरूनही दिसते. सीटवर बसा, दोन्ही पाय जमिनीपासून उचला आणि पिन लक्ष्यावरून न हलवता सरळ मागे ताणून बघा. जमत नसेल तर धनुष्याचं ताणाचं वजन पाच पौंडांनी उतरवा. पेनसिल्वेनियात कायद्याने किमान ३५ पौंड लागतात, आणि धारदार ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचं पात्यांचं टोक) असेल तर ५० पौंड व्हाइटटेलला भरपूर होतात. ७० पौंडांची फुशारकी क्लबात मिरवायला ठीक आहे.

आता सराव. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये वैयक्तिक विजेते झाले, तेव्हा इथल्या क्लबातल्या मंडळींना मी आठवडाभर पिडलं. पण त्या मैदानातला सराव आपल्याला अर्धाच कामाचा. तिथे सपाट जमिनीवर ५० मीटर अंतर आणि पात्रता फेरीत ७२ बाण. इथे सगळ्या दिवसात एक बाण, तोही तीन तास गोठून बसल्यावर, जाड जाकिटात. म्हणून जून-जुलैमध्ये हवे तितके बाण जमिनीवरून मारा, ४० यार्डांवरूनसुद्धा, म्हणजे २० सोपं वाटेल. ऑगस्ट लागला की उंचीवर जा. दुसऱ्या मजल्याचा डेक चालतो. मी परसात दहा फुटांवर शिडीचा स्टँड बांधलाय. तो बघून शेजाऱ्याने पहिल्या वर्षी विचारलं होतं की मुलांसाठी झाडावरचं घर करताय का. टाउनशिपला (स्थानिक प्रशासनाला) आधी विचारून घ्या. वस्तीत धनुष्य चालवायला सगळीकडे परवानगी नसते. लक्ष्यामागे कुणी येणार नाही अशी जागा हवी.

फोमचं त्रिमित हरीण पाच, दहा, पंधरा, वीस यार्डांवर हलवत राहा आणि दर वेळी ते वेगळ्या बाजूला वळवा. हार्नेस रोज घालायचा, दहा फुटांवरसुद्धा. दिवसाला दहा बाण पुरेत, त्यातला पहिला महत्त्वाचा. ऑफिसातून आल्यावर, हात गरम न करता, सरळ वर चढून मारलेला तो पहिला बाण वहीत लिहून ठेवा: किती यार्ड, बसून की उभं, कुठे लागला. पुढचे नऊ मजेसाठी. सप्टेंबरात वहीवर नजर टाकलीत की स्वतःचं खरं अंतर कळतं. माझं २५ यार्ड आहे, क्लबात मी ६० पर्यंत मारत असलो तरी.

आठवड्यातून एकदा बाण लावून दोरी ताणून मिनिटभर धरा, मग सोडा, कारण हरीण नेमकं तुम्ही ताणल्यावर झुडपाआड थांबतं. एकदा दिवेलागणीला मारा. कायद्याने सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकार करता येते, पण बारीक भोकाच्या पीपमधून शेवटच्या दहा मिनिटांत काहीच दिसत नाही, हे तिथे बसल्यावर कळून उपयोग नाही. ब्रॉडहेडनेही मारून बघा. सरावाच्या टोकाबरोबर ते एकाच ठिकाणी लागत नसेल तर धनुष्य ट्यून करून घ्या. आणि सप्टेंबरच्या उकाड्यात का होईना, नोव्हेंबरचं जाकीट घालून मारा. माझ्या जाड बाहीत एकदा दोरी अडकली आणि बाण दोन फूट डावीकडे बीच जातीच्या झाडात गेला. तेव्हापासून जाकिटावरून हातावर पट्टा बांधतो. घामाघूम अवस्थेत बायकोने काढलेला फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर अजून फिरतो.

त्या ग्रुपवरच दर वर्षी कुणीतरी विचारतं, "गरीब हरणं कशाला मारता रे?" भारतात हे वाचणाऱ्यांनी इतकं ध्यानात ठेवावं की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे शिकार गुन्हा आहे. इथे मात्र राज्याचं गेम कमिशन (वन्यजीव खातं) कुठल्या भागात किती माद्या मारायच्या त्याचे परवाने ठरवून देतं, आणि पहिला परवाना काढण्याआधी शिकारीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. माझ्या आजोबांनी ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसून गोफणीने पाखरं हाकली. नातू झाडावर बसतो, एवढं साम्य पुरे.

राहिला स्टँड उंच न्यायचा प्रश्न. नेऊ नका, १८ फूट छान आहे. वर गेलात तर कोन आणखी खडा होतो आणि दोन्ही फुप्फुसं मिळण्याची जागा आणखी अरुंद. उंची न बदलता दिशा बदला. तुम्ही लिहिलंय की स्टँडचं तोंड पायवाटेकडे आहे आणि हरणं बहुतेक उजवीकडून बुंध्याजवळून येतात. म्हणजे तुमच्या दोन-तीनच्या काट्यावर, नेमकं जिथे उजव्या हाताच्या माणसाचं अंग पिळवटतं आणि गुण्या मोडतो. स्टँड खोडाभोवती उजवीकडे पाव चक्कर फिरवा, म्हणजे तीच वाट बारा ते अकराच्या काट्यावर येईल. जमलं तर वाटेपासून १५ यार्ड मागच्या झाडावर न्या, वारा वाटेकडून तुमच्याकडे येईल असा. हे काम ऑगस्टच्या पावसाळी दुपारी उरका आणि फांद्या छाटायच्या त्या शेतकऱ्याला विचारून तेव्हाच छाटा. ऑक्टोबरात तिथे करवत चालवलीत तर पुढचे काही दिवस त्या वाटेवर फक्त खारी दिसतील.